पानमळ्यावरची पवनचक्की

वैशाख वद्य चतुर्थी. दाभण आणि सुतळी घेऊन मी रिकामी पोती एकमेकांना शिवत बसले होते. सरकीची जुनी पोती, काही आमच्या घरची, काही मागून आणलेली. ती जोडून एक लांब पडदा करायचा आणि माझ्या थोरल्या जावेच्या पानमळ्याच्या पश्चिमेला उभा बांधायचा. दुपारचा तापलेला वारा त्याच बाजूने यायचा. मळ्यातले निम्मे वेल करपले होते, निम्मे जिवंत होते. पाऊस तीन-चार आठवडे लांब होता. तोवर उरलेले वेल जगवायचे, एवढंच काम आमच्यापुढे होतं.

मी मळ्याच्या कुंपणाबाहेर बसले होते, कारण माझे महिन्याचे चार दिवस चालू होते. आमच्याकडे पानमळ्यात चप्पल घालून कोणी जात नाही आणि त्या दिवसांत बाई पाऊल टाकत नाही. पानं देवाला जातात, लग्नात जातात, म्हणून मळाही देवघरासारखा पाळायचा. मी नांदुऱ्याच्या दुकानदाराच्या घरातली. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं नवं होतं. पुढे सवय झाली. जावेला मात्र ते पाळायचं असं कधी ठरवावं लागलं नव्हतं.

ती आतून कुंपणापाशी आली. संकष्टीचा उपास होता, तोंड सुकलं होतं.

"शिवून झालं का, लहाने?"

"होते आता. तुम्ही गोमूत्र काढून ठेवा, बाई. शिंपडल्याबिगर कुठं आत घेता तुम्ही."

"ठेवलं हाय काढून. उगी टोमने मारू नको."

"टोमना कायचा? माह्या हातच्या पोत्याले गोमूत्र लावता, तं वाऱ्याले काय लावता ते सांगा."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. मान वर करून पवनचक्कीकडे पाहिलं आणि परत वेलांत गेली.

ही पवनचक्की आदल्या वर्षी होळीनंतर आमच्याकडे आली. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. रोज काही ना काही नवीन यायचं, नवं बी, नवं खत, नवे साहेब. एक साहेब जीपमधून आले. वाऱ्यावर विहिरीचं पाणी काढायची चक्की सरकार वानगीदाखल काही ठिकाणी उभी करणार आहे, म्हणाले. संग्रामपूरच्या आसपासच्या बऱ्याच विहिरी पाहून त्यांना आमची पसंत पडली. पाणी भरपूर, जमीन सपाट. फक्त पश्चिमेच्या बांधावरचे निंब आणि बाभळी वारा अडवतात, तेवढी झाडं तोडावी लागतील.

विहीर सामाईक होती. एका अंगाला आमचं शेत, दुसऱ्या अंगाला जावेचा पानमळा. थोरले दीर वारल्यावर मळा तिने एकटीने सांभाळला. मोटेचे बैल आमचे, मोट हाकायचे ते माझे यजमान. आमच्या शेताचं भिजवून झालं की मग मळ्याची पाळी. यजमानांनी कधी पाळी चुकवली नाही, पण उशीर व्हायचा. उशीर झाला की ती धावेच्या, म्हणजे मोटेचे बैल मागेपुढे करतात त्या उताराच्या, टोकाशी येऊन नुसती उभी राहायची. दिराला पाणी मागायचं तिच्या जिवावर यायचं.

साहेबांनी तिला समजावून सांगितलं. "वारा फुकट आहे, वहिनी. त्याला वैरण नको, हाकणारा नको. चोवीस तास पाणी. कोणाची वाट पाहायला नको."

"अन् वारा पडला तं?" मी विचारलं.

"वारा कुठे जातोय? इथे तर काय जोराचा वाहतोय!" तेव्हा फाल्गुन चालला होता आणि साहेबांची टोपी दोनदा उडाली होती.

जावेने शेवटचंच वाक्य धरलं. कोणाची वाट पाहायला नको. झाडं तिच्या बांधावरची होती. सासऱ्यांच्या वडिलांनी ती पानमळा घालायच्या आधी लावली, झाडं मोठी झाल्यावर मगच मळा घातला, असं सासूबाई सांगायच्या. पानवेल वाऱ्याला नाजूक. आत शेवरी-पांगाऱ्याचा आधार लागतो आणि बाहेर मोठ्या झाडांची भिंत लागते. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, यजमानांना ठाऊक होतं, जावेला सर्वांत जास्त. तरी यजमानांनीही आग्रह धरला आणि तिने हो म्हटलं. पुरोहिताला बोलावून प्रत्येक झाडापाशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मग मृगाच्या तोंडावर कुऱ्हाड लागली. मीही त्या दिवशी सगळ्यांचा स्वयंपाक केला.

चक्कीचे लोखंडी भाग नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरले आणि बैलगाड्यांतून आले. गाड्या वळवायला जागा हवी म्हणून आमच्या शेताचा बांध फोडला. तिचे चार पाय रोवायला मोटेची धाव आडवी येत होती. ती खणून काढली. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याचे दगडही निघाले. मोटच राहिली नाही, मग एक बैलजोडी कशाला पोसायची, म्हणून यजमानांनी ती विकली. सगळं ओळीने होत गेलं. एक गोष्ट केल्यावर दुसरी करणं शहाणपणाचंच वाटायचं.

चार पायांपैकी तीन कुंपणाबाहेर आले, एक मळ्यात. साहेबांबरोबर आलेल्या मिस्त्रीला मळ्यात बूट काढून जावं लागलं. तापलेल्या मातीवर तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता आणि बांधावर बसलेली माणसं हसत होती. त्याच पायावरून त्याने एक साखळी खाली सोडली. वारा फार झाला की ती साखळी ओढून खालच्या आकड्यात अडकवायची. मग चक्रामागचं पत्र्याचं शेपूट मुरडतं, चक्र वाऱ्याला पाठ देतं आणि थांबतं. हे केलं नाही तर पाती तुटतील, असं मिस्त्रीने दोन वेळा बजावलं.

म्हणजे घाईच्या वेळी जिथे पळत जायचं, ती जागा अशी की पायात काही घालून जाता येत नाही आणि महिन्यातले काही दिवस घरातल्या एका बाईला मुळीच जाता येत नाही. जागा ठरवली तेव्हा साहेबांना आमची रीत ठाऊक नव्हती. आम्हाला ती इतकी ठाऊक होती की कोणाच्या ध्यानातच आलं नाही. साखळी यजमान ओढतील, एवढं धरून आम्ही मोकळे झालो.

पहिला पावसाळा चक्कीने गाजवला. आषाढात वारा असा की साखळी लावली तरी आकड्यातून निसटायची, चक्र थांबायला तयार नाही. आभाळातून पाणी आणि विहिरीतून पाणी. पाट फुटून मळ्यात चिखल झाला, काही वेलांची मुळं कुजली. रात्रंदिवस लोखंडाची करकर चालायची. सकाळचं ऊन पडलं की पात्यांच्या सावल्या गोठ्यातून सरसर जायच्या आणि म्हैस पान्हा चोरायची. मी तिला दुसरीकडे बांधायला लागले. चक्राखाली अधूनमधून पारवे मरून पडलेले सापडायचे. मी ते फावड्याने उचलून बांधापलीकडे टाकत असे. गावातून लोक मात्र चक्की पाहायला येत राहिले. जाऊ त्यांना हौसेने पाणी दाखवायची, जसं काही तिने स्वतः काढलं होतं.

कार्तिक लागला आणि वारा पडला. दिवाळीनंतर आमच्याकडे हवा अशी थिजते की दिव्याची वातही हलत नाही. पाऊस संपलेला, पानमळ्याला दिवसाआड पाणी हवं आणि चक्र आभाळात सूर्यफुलासारखं गप्प उभं. जाणारे-येणारे थांबून विचारायचे.

"काऊन हो वयनी, पंख्याले वारा कोन घालते आता?"

"तुम्ही या नं वर चढून फुंकायले," मी म्हणायची. "सकाळपासून तोंडाची वाफच दवडून राह्यले."

यजमानांनी विहिरीच्या दुसऱ्या अंगाला मोट बसवायचा खटाटोप केला. तिकडचा काठ ढासळलेला होता, बैलाला मागे यायला जागा नव्हती. मग आम्ही दोघी जावा दोराने पाणी शेंदून घागरींनी मळ्यात ओतत राहिलो. पौष गेला, माघ गेला. तिच्या उजव्या खांद्याने तेव्हा जे धरलं ते पुन्हा सुटलं नाही. मळा त्या थंडीत वाचला, पण पानं लहान निघाली आणि तोडणीचे खुडे निम्म्यावर आले. साहेबांना निरोप धाडला. ते आले, विहिरीत डोकावले, आणि सरासरीने पाहिलं तर वारा पुरेसा आहे, असं सांगून गेले.

"सरासरी म्हंजे काय व, लहाने?" जावेने मला विचारलं.

"आषाढातलं पानी माघात मोजाचं," मी सांगितलं.

फाल्गुनात वारा परतला. चक्र फिरायला लागलं, पाटात पाणी आलं. जावेने चक्कीच्या पायाला कुंकू लावलं. पण चैत्र संपता संपता तोच वारा तापला. इतकी वर्षं तो निंबांवर आपटून वरून जायचा. आता सरळ मळ्यात शिरला. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग शेंडे वळले, मग वेल शेवरीवरून सुटून लोंबायला लागले. मुळाशी पाणी होतं आणि वर वेल वाळत होता. चक्की ज्या वाऱ्याने पाणी काढत होती, त्याच वाऱ्याने मळा मरत होता. चक्की बंद करून वारा थांबणार नव्हता, आणि निंब एका उन्हाळ्यात उगवणार नव्हते. पोत्यांचा पडदा हा त्यातल्या त्यात सुचलेला उपाय.

तर त्या चतुर्थीला माझा पडदा दुपारी शिवून झाला. जावेने गोमूत्र शिंपडून तो आत घेतला आणि आम्ही दोघींनी, ती आतून आणि मी बाहेरून, खांबांना बांधला. यजमान सकाळीच नांदुऱ्याला गेले होते. पंपाचं चामड्याचं वॉशर झिजलं होतं, ते तिथे मिळतं का बघायला. वॉशर गेल्यामुळे चक्रावर पाण्याचा भार नव्हता, ते नुसतंच भरारा फिरत होतं. संध्याकाळी आल्यावर साखळी लावतो, म्हणाले होते. तोवर हवा बेताची होती.

उन्हं कलायला लागली तशी पश्चिमेला आभाळ मातकट झालं. मी धुणं काढायला वळले तोवर वावधन आलंच. वैशाखातलं हे वादळ आमच्याकडे नवीन नाही, दर वर्षी कोणाचं ना कोणाचं छप्पर नेतं. पडदा एकदा फुगला आणि बांधलेल्या खांबांसकट उठून विहिरीपलीकडे गेला. वर चक्राचा आवाज बदलला. करकर थांबून एकसारखा घुमारा सुरू झाला.

जाऊ साखळीपाशी पोचली होती. मला कुंपणातून दिसत होतं. ती साखळीला लोंबकळत होती, पण शरीर काटकुळं, त्यात खांदा दुखरा. साखळी हातभर खाली यायची आणि तिला वर उचलून न्यायची. आकडा अजून बराच खाली होता.

मी कुंपणाचं फाटक उघडलं.

"येऊ नको! लहाने, आत येऊ नको!"

"साखळी सोडू नका तुम्ही!"

"तुले शिवाशिव हाय! नको येऊ बाई, मी करते!"

मी चपला फाटकाशी टाकल्या, एवढं मला पक्कं आठवतं. आत गेले, तिच्या हातांच्या वर साखळी धरली आणि दोघींनी खाली बसून ओढ घेतली. शेपूट मुरडायला लागलं. चक्र वळलं. एक कडी आकड्याला टेकलीच होती. तेवढ्यात वारा फिरला, वरून हिसका आला आणि साखळी वरच कुठेतरी तुटून आमच्या अंगावर आली. मी जावेला धरून पांगाऱ्याच्या बुंध्याशी पाडलं.

पहिलं पातं मळ्यात आडवं आलं. शेवऱ्या कापत, वेल ओढत ते पार दुसऱ्या टोकाच्या कुंपणात जाऊन उभं राहिलं. दुसरं विहिरीच्या काठावर आपटलं. मग सगळं चक्रच एका अंगाला कललं आणि खडखडत थांबलं. वावधन आलं तसं गेलं. पावसाचे चार थेंब पडले, धूळही नीट बसली नाही.

जाऊ उठून बसली. तिला लागलं नव्हतं, मलाही नाही. तिने मळ्याकडे पाहिलं नाही, माझ्या पायांकडे पाहिलं.

"तू आत आली," ती म्हणाली.

"हाव, आली. नसती आली तं तुम्ही साखळीसंगं वर गेल्या असत्या."

"तू आत आली," ती पुन्हा म्हणाली.

मी उठून मळा फिरून पाहिला. मधल्या रांगा साफ गेल्या होत्या. पूर्वेकडच्या रांगा मात्र उभ्या होत्या. वेल खाली आले होते, पण तुटले नव्हते. पुन्हा बांधले, वर कडबा टाकून सावली केली, घागरीने पाणी घातलं, तर त्यातले बरेच जगतील, असा माझा हिशेब होता. तो मी तिला तिथेच सांगितला.

यजमान दिवेलागणीच्या आत परतले, खिशात नवं वॉशर घेऊन. तोवर बांधावर माणसं जमली होती. जावेने जमलेल्यांना झालेलं सांगितलं होतं आणि तिला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे माझं आत जाणंही सांगितलं होतं. झालं, मग सगळ्यांना कारण सापडलं. आधीचं करपणंही त्यातच जमा झालं. लहानीने आधीही कधी पाळलं नसेल, शहरातली आहे, असं एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

"आजी, वारा मले इचारून नाही आला," मी म्हटलं. "पश्चिमेले निंब असते तं मळ्याचं पान हाललं नसतं. ते कोनी तोडले? इथं सारेच होते. जेवले बी."

"निंब तोडले तवा नारळ फोडलं होतं," जाऊ शांतपणे म्हणाली. "देवाची परवानगी घेतली होती. त्याचा दोष नाही लागत."

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांना निंबांचं पटत होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. पण निंब तोडायला वहिनीला राजी करणारे तेच होते. त्यांनी वॉशर खिशातून काढलं, पाहिलं, परत ठेवलं.

"वयनी," ते म्हणाले, "पूर्वेच्या रांगा वाचतात. ही म्हनते ते खरं हाय. उद्यापासून मी पानी शेंदतो."

"नाही भाऊजी. मळा बाटला. ती पानं लोकाईच्या पूजेत जातीन, लग्नात जातीन. मले ठाऊक असून मी कशी इकू? ठाऊक नसतं तं गोष्ट येगळी."

"मंग शांत करू. पुरोहिताले बलावतो."

"वाळलेल्याची शांत करता का?" ती म्हणाली. तिला मळा गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. ते माझ्यापेक्षा तिला किती तरी जास्त होतं. पण गेलेली झाडं आणि सरकारची चक्की यांच्याशी तिला भांडता येत नव्हतं. विटाळ मात्र तिच्या ओळखीचा होता, त्याचं काय करायचं ते तिला माहीत होतं.

पवनचक्कीचं काय झालं तेही सांगून टाकते. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी येऊन पाहिलं, एवढा वारा हिशेबात धरून चक्की बनवलेली नसते, म्हणाले. सुटे भाग येणार होते, ते आले नाहीत. सांगाडा विहिरीवर उभाच राहिला, कारण तो काढायचा खर्च कोणाकडे मांडायचा ते ठरलं नाही. तो आहे तोवर मोटेची धाव पुन्हा घालता येत नाही. यजमान कोरडवाहू ज्वारी करतात. जाऊ तिच्या भावाकडे रोहिणखेडला गेली. तिथे ती भावाच्या शेतात निंदण करते. भावजय पाणी देईल तेव्हा पिते, असं ती एकदा म्हणाली. ते मी विसरू शकत नाही. माझ्याशी ती नीट बोलते. मला तिने कधी दोष दिला नाही, फक्त तिच्या मते ते माझ्या हातून झालं.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. "लहाने, मळा काढून टाक," म्हणाली. "उभा ठेवला तं कोनीतरी पानं खुडून नेईन. मले हात लावता येत नाही. तू तशी बी आत गेली हायस."

"पूर्वेच्या रांगा जगतीन, बाई. पुन्हा इचार करा."

"केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून न्हाले, चुलीवर भाकरी टाकली, यजमानांना वाढलं आणि विळा-कुदळ घेऊन मळ्यात गेले. सुरुवात पूर्वेकडून केली, कारण तिकडे शेवऱ्यांची सावली होती. पहिला वेल शेवरीवरून सोडवला आणि बुडाशी कुदळ घातली. मुळं पांढरी होती, त्यांना ओली माती चिकटलेली होती. ती झटकून वेल बांधावर टाकला आणि दुसरा धरला.